अंदमान बुलबुल बघायचाय? मग आधी फळांनी लगडलेलं झाड शोधा

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाची ट्रिप साधारण ठरलेलीच असते. सेल्युलर जेल, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, रॉस, हॅवलॉक, नील ही बेटं, एखादी ग्लास बॉटम बोट, थोडं शॉपिंग आणि परत. जेल तर बघायलाच हवं, ते बघितल्याशिवाय कोणी येऊच नये. पण त्याच पाच-सहा दिवसांत रोज सकाळचे दोन-अडीच तास तुमच्या हातात मोकळे असतात, नाश्त्याच्या आधीचे, आणि त्या वेळात जगात दुसरीकडे कुठ्ठेच न दिसणारे पक्षी बघून होतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे अंदमान बुलबुल. लहानसा, पिवळट हिरवा, जंगलातली फळं खाऊन जगणारा गाणारा पक्षी. फोटोत बघितला तर लोक म्हणतात, अरे साधाच तर आहे. समोर बघितला की असं कोणी म्हणत नाही.

तर हा कसा बघायचा ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतात की ताई, तीन दिवस फिरलो आणि दिसलाच नाही. बहुतेकांचं होतं असं की ते पक्ष्याच्या मागे धावतात. हिरव्या जंगलात हिरव्या पक्ष्याच्या मागे धावून काहीही हाती लागत नाही. हा पक्षी फळांच्या मागे असतो, म्हणून तुम्ही फळ शोधायचं आणि तिथे बसून राहायचं, पुढचं सगळं याच्याभोवतीच आहे.

आधी तो दिसतो कसा ते डोक्यात पक्कं बसवून घ्या. आपल्याला बुलबुल म्हटलं की लालबुड्या नाहीतर शेंडीवाला शिपाई बुलबुल आठवतो, गॅलरीतल्या कुंडीत घरटं करणारा, माणसाला न बुजणारा. अंदमान बुलबुलला शेंडी नाही, अंगावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. वरून ऑलिव्ह हिरवट, खालून जास्त पिवळा, आणि शेपटीचं टोक पिवळं ज्याच्या अगदी आधी एक काळसर पट्टा असतो. ही शेपटी लक्षात ठेवा, कारण पानांच्या गर्दीत पक्षी पाठमोरा बसलेला असतो तेव्हा डोकं दिसतच नाही, शेपटी तेवढी बाहेर डोकावते. ईशान्य भारतात आणि पुढे आग्नेय आशियात याचा जवळचा नातेवाईक आहे ब्लॅक-हेडेड बुलबुल, त्याचं डोकं चकचकीत काळं. पूर्वी आपल्या अंदमानवाल्याला त्याचीच उपजात धरायचे, म्हणून जुन्या पुस्तकात याचं वेगळं पान सापडणार नाही, गोंधळू नका. आता ही स्वतंत्र जात मानतात आणि ती फक्त अंदमान बेटांवर आहे.

जायच्या आधी घरी काय करायचं

आवाज ऐका. ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची साइट) आणि झेनो-कँटो (पक्ष्यांच्या आवाजांची साइट) दोन्हीकडे याची रेकॉर्डिंग आहेत, हेडफोन लावून आठवडाभर रोज पाच मिनिटं ऐकलं तरी पुरे. सोबत शिपाई बुलबुलचाही आवाज ऐका, तो आपल्या ओळखीचाच आहे आणि अंदमानात सगळीकडे आहे, त्यामुळे दोघांतला फरक कानाला आधीच कळलेला बरा. पक्षी ओळखायचं मर्लिन अ‍ॅप फोनमध्ये असेल तर त्याचा भारताचा पॅक घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली तेव्हापासून पोर्ट ब्लेअर शहरात नेट बरं चालतं पण जंगलात शिरलात की रेंज गेली म्हणूनच समजा. आणि अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणजे झालं असं नको, बेटांवरच्या पक्ष्यांच्या बाबतीत डोळ्यांनी खात्री करूनच लिस्टमध्ये टाका.

दुसरं म्हणजे थोडी प्रॅक्टिस, आणि ती आपल्या सह्याद्रीत मस्त होते. फळलेला उंबर किंवा वड शोधा, शहरातला चालेल, आणि सकाळी त्याच्याखाली तासभर बसा. आपला राज्यपक्षी हरियाल तिथे येतोच, म्हणजे येतो आणि दिसत नाही, पन्नास पानांत पाच हरियाल बसलेले असतात आणि आपण वर बघत राहतो, मग एक फांदी हलते आणि अचानक सगळे दिसायला लागतात. हे जे डोळ्याला वळण लागतं ना, तेच तिकडे कामाला येतं. जमलं तर आंबोली किंवा गोव्यात मोले, तांबडी सुर्लाच्या बाजूला जाऊन फ्लेम-थ्रोटेड बुलबुल बघून या, गोव्याचा राज्यपक्षी आहे तो. काळं डोकं, केशरी गळा, पिवळं पोट. तोही जंगलातला आणि फळांवरचा बुलबुल, फळांच्या झाडावर कसा येतो, किती वेळ थांबतो, कसा निघून जातो हे त्याच्याकडून शिकता येतं.

सामान फार नको. ८x४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण सगळ्यात चांगली, १०x घेतली तर जंगलातल्या कमी उजेडात आणि मान वर करून हात थरथरतात तेव्हा त्रास होतो. फुल बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, फुल पँट, बूट, डासांचं क्रीम. अंदमानात दोन्ही मान्सून पाऊस पाडतात, मे-जूनपासून नैऋत्येचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा, त्यामुळे डिसेंबर मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सोयीचा, तरी पिशवीत एक प्लॅस्टिकची मोठी झिपबॅग ठेवाच. पाऊस तिथे विचारून येत नाही. ओल्या दिवसांत जळवा असतात, मोजे पँटवर ओढून घ्या.

घड्याळाचं गणित

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच लोकांचा पक्षी हुकतो. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला आहे, जवळजवळ ९३ रेखांशावर, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो, मे-जूनमध्ये तर पाचच्याही आधी. आणि डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजता सूर्य मावळलेला असतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या सवयीने सात वाजता उठून आठला बाहेर पडलात तर जंगलाच्या दृष्टीने तुम्ही दहा वाजता आलात. फळं खाणाऱ्या पक्ष्यांची पहिली मोठी धाड सूर्योदयानंतरच्या तास-दीड तासात पडते. रात्रभर उपाशी असतात ते, आणि फळ पचायला वेळ लागत नाही म्हणून पोट भरायला सारखं यावं लागतं. दुपारी मरगळ, मग अडीच-तीनपासून पुन्हा हालचाल.

ग्रुप टूरने गेला असाल तरी हे जमतं. बस हॉटेलवरून आठ-साडेआठला सुटते, सूर्य त्याच्या अडीच तास आधी उगवलेला असतो. टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की आम्ही दोघं-तिघं उद्या पहाटे जाऊन नाश्त्यापर्यंत येतो, आणि रात्रीच टॅक्सी ठरवायची. सकाळी पाच वाजता रस्त्यावर टॅक्सी शोधत उभं राहू नका. ड्रायव्हरला तीन गोष्टी आधी सांगायच्या, गाणी नकोत आणि हॉर्न नको, आणि गाडी झाडाच्या खाली नाही तर लांब उभी करायची. तिथले ड्रायव्हर समजूतदार असतात, बऱ्याच जणांनी आधी पक्षीवाले लोक फिरवलेले असतात, ते स्वतःच सांगतात की मॅडम काल इथे खूप पक्षी होते. त्यांचं ऐका.

जागा कोणती

पोर्ट ब्लेअरच्या आसपासच्या दोन जागा पुरतात. (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण टॅक्सीवाले अजून जुनं नावच बोलतात.)

पहिली चिडिया टापू, शहरापासून २५ किलोमीटर, टॅक्सीने पाऊण ते एक तास. टूरवाले इथे संध्याकाळी सनसेट बघायला नेतात, तेव्हा गर्दी असते आणि पक्षी आत सरकलेले असतात. तुम्ही पहाटे जा. शेवटचे काही किलोमीटर रस्ता जंगलातून जातो, तिथे गाडी सोडून पायी चालायचं. रस्ता असल्यामुळे झाडांमध्ये फट पडलेली असते आणि कॅनोपी म्हणजे झाडांचा वरचा पानोरा बाजूने दिसतो, आत पायवाटेवर शिरलात की फक्त खालून पोटं बघावी लागतात. अंदमान बुलबुलसाठी मी तरी आधी हाच रस्ता सांगीन. पुढे मुंडा पहाडकडे जाणारी वाट पण चांगली आहे, मात्र मगरीचे बोर्ड लावलेत ते शोभेला नाहीत, खाडीच्या आणि खारफुटीच्या कडेला जाऊ नका, पाण्यात तर अजिबात नाही.

दुसरी माउंट हॅरिएट, २०२१ पासून माउंट मणिपूर नॅशनल पार्क. चॅथम जेट्टीवरून बांबू फ्लॅटची फेरी पकडायची, गाडी पण त्यावर चढते, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. पहिली फेरी किती वाजता आणि पार्कचं गेट किती वाजता उघडतं हे आदल्या दिवशी विचारून घ्या, ते बदलत असतं. रस्त्याने वळसा घालून गेलात तर फार लांब पडतं. वर माथ्यावरून काला पत्थरकडे जाणारी वाट आहे, सावलीची, दोन्ही बाजूंना दाट झाडी. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेवरचं चित्र आठवतंय का, नारळाची झाडं आणि समुद्र, ते इथूनच दिसणारं दृश्य आहे. याच डोंगराच्या पायथ्याशी ८ फेब्रुवारी १८७२ ला शेर अली आफ्रिदीने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारलं. आणि त्यानंतर वर्षभराने, मार्च १८७३ मध्ये, मेयोच्याच काळातला एक बडा अधिकारी आगबोटीने या बेटांवर पक्षी गोळा करायला आला, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय तोच, काँग्रेसचा. ज्या ह्यूमने पुढे १८८५ साली काँग्रेस उभी केली, जिचं पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलं होतं आणि कॉलऱ्यामुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं, त्याच माणसाने १८७३ मध्ये अंदमान बुलबुलला शास्त्रीय नाव दिलं. शाळेत ह्यूम पाठ केला होता पण त्याचं हे पक्ष्यांचं वेड कोणी सांगितलं नव्हतं आम्हाला. मला हे वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला मुक्काम असेल तर राधानगर बीचच्या मागचं उंच झाडांचं जंगल सकाळी बघा. लोक पार्किंगमधून थेट वाळूवर पळतात, तुम्ही पाण्याकडे पाठ करून अर्धा तास उभे राहा.

झाड कसं शोधायचं

आता खरं काम. अंदमानात फायकस प्रजातीतली भरपूर झाडं आहेत, म्हणजे आपल्या वड, पिंपळ, उंबर, पिंपरी यांची भावकी. यांची गंमत अशी की एका झाडावरची बरीचशी फळं एकदमच पिकतात, पण शेजारचं त्याच जातीचं झाड वेगळ्याच महिन्यात पिकतं. त्यामुळे कुठल्याही महिन्यात जा, जंगलात कुठेतरी एखादं फायकस पिकलेलं असतंच आणि आजूबाजूचे सगळे फळखाऊ पक्षी तिथे गोळा झालेले असतात. आपल्याला ते एक झाड सापडलं की अर्धं काम झालं.

खाली बघत चालायला सुरुवात करा, वर नाही. रस्त्यावर, पायवाटेवर वाटाण्याएवढी, बोराएवढी लालसर पिवळी फळं पडलेली दिसली की थांबा. एखादं उचलून बघा. अर्धवट चोच मारलेलं आहे का, आतला बारीक दाणेदार गर ओला आहे का की सुकून काळा पडलाय, मुंग्या नुकत्या लागल्यात की पोखरून निघून गेल्यात. ओलं आणि ताजं टोचलेलं असेल तर वर आत्ता कोणीतरी जेवतंय. दुसरी खूण पानांवरची विष्ठा, त्यात बारीक बिया दिसतात, जांभळट नाहीतर पिवळट डाग. तिसरी खूण आवाजाची. जंगल शांत असताना टप टप टप असा पानांवर काहीतरी पडल्याचा आवाज सारखा येत राहिला, पाऊस नसताना, तर वर पक्षी आहेत. आणि मोठ्या कबुतरांच्या पंखांची फडफड तर लांबून ऐकू येते.

बुलबुलची चोच लहान, त्यामुळे त्याला लहान फळांची झाडं जास्त सोयीची, जी एका घासात गिळता येतात. मोठ्या फळाला तो टोचून टोचून खातो. म्हणून मोठ्या फळांच्या झाडावर मैना आणि कबुतरं दिसली आणि बुलबुल नाही असं झालं तर त्याच पट्ट्यात लहान फळांचं दुसरं झाड किंवा झुडूप शोधा, जंगलाच्या कडेची, उन्हात वाढणारी झुडपं विशेष. तुमच्या डोक्याच्या उंचीवर तो तिथे मिळू शकतो, आणि तसा मिळाला तर त्या दिवशी दुसरं काही बघायची गरज नाही.

झाड सापडल्यावर काय करायचं

झाडाखाली उभं राहायचं नाही. पंधरा-वीस मीटर लांब, सूर्य आपल्या पाठीमागे येईल अशा बाजूला जागा धरायची, एखाद्या खोडाला टेकून. झाडाखालून वर बघितलं तर आकाशाच्या पांढऱ्या उजेडासमोर सगळे पक्षी काळे दिसतात, रंग कळत नाही, आणि या पक्ष्याचं सगळं सौंदर्य त्या रंगातच आहे. सूर्य मागे असला की पोटाचा पिवळा रंग असा पेटून उठतो की पानांत लपलेला पक्षीसुद्धा लगेच दिसतो.

मग पूर्ण झाड बघू नका. एकच फांदी धरा, भरपूर फळांची आणि थोडी मोकळी, आणि त्यावरच नजर ठेवा, दुर्बीण छातीशी तयार. बुलबुल कसा येतो सांगते. आधी शेजारच्या झाडात थांबतो, तिथे दिसत नाही, नुसता तुटक तुटक आवाज येतो. मग एकदम झेप घेऊन फळांच्या फांदीवर, पानाच्या आड. मान वाकडी करून एक फळ बघतो, सोडून देतो, बाजूचं दुसरं उपटतो, मान मागे झटकून ते चोचीत नीट बसवतो आणि गिळतो. गिळताना गळ्याजवळची पिसं क्षणभर फुगतात. कधी कधी फांदीच्या टोकाला बसायला जागा नसते तेव्हा जागच्या जागी पंख फडफडवत फळ तोडतो. दोन-चार फळं झाली की गेला. एकूण मिनिटभराचा मामला. पण गेला म्हणून उठू नका, झाड पिकलेलं असेल तर तो परत येणार, थोड्याच वेळात येणार. उठून त्याच्या मागे गेलात तर तुम्ही त्याला आणि झाडाला दोघांनाही मुकलात.

निदान पाऊण तास बसायचं असं मनाशी ठरवूनच बसा. पहिली दहा मिनिटं पक्षी तुमच्यामुळे गप्प असतात, त्यात काही दिसलं नाही म्हणून झाड रिकामं समजू नका.

कोणाशी गोंधळ होतो तेही सांगून ठेवते. काळ्या पट्ट्याचा हळद्या, म्हणजे ब्लॅक-नेप्ड ओरिओल, तिथे खूप आहे, पिवळा दिसला की आधी तोच असतो, पण तो चांगला मोठा, भडक पिवळा, डोळ्यावरून मागे काळा पट्टा आणि गुलाबी चोच. स्कार्लेट मिनिव्हेटची मादी पिवळी असते, पण तिच्या पंखावर पिवळे ठसठशीत ठिपके आणि अंग सडपातळ, लांब शेपटी, आणि ती फळांसाठी नाही तर किड्यांसाठी पानं चाळत असते. शिपाई बुलबुलची शेंडी बघितलीत की प्रश्न मिटला. अंदमान फ्लॉवरपेकर अंगठ्याएवढा, तो तर वेगळाच कळतो.

आणि बुलबुल येईपर्यंत कंटाळा येतो असं नाही हो, त्या झाडावर जत्रा भरलेली असते. हिल मैना येतात, काळ्याभोर, डोक्यामागे पिवळ्या कातडीचे पट्टे, उडताना पंखात पांढरा ठसा, आणि एकेक शीळ अशी की माणूसच घालतोय असं वाटावं. एशियन फेअरी-ब्लूबर्डचा नर उन्हात आला तर त्याच्या पाठीचा निळा रंग बघून शेजारच्या माणसाचा दंड धरला जातो, तो आपल्या आंबोलीकडेही आहे पण इथे जास्त सहज दिसतो असं माझं मत. अंदमान ग्रीन पिजन, ग्रीन इम्पिरियल पिजन, लांब शेपटीचे पोपट, कोकिळा. व्हाइट-हेडेड स्टार्लिंग, म्हणजे पांढऱ्या डोक्याची मैना, अंदमान-निकोबारशिवाय कुठेच नाही, ती फळांबरोबर फुलातला रसही पिते, पांगारा फुललेला दिसला तर तिथे जरूर थांबा. फळांवर किडे येतात म्हणून अंदमान ड्रोंगो, म्हणजे तिथला कोतवाल, पण हजर असतो. नारकोंडम हॉर्नबिल मात्र इथे शोधू नका, तो बिचारा जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या नारकोंडम बेटावरच आहे आणि तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही.

फोटो काढणारे असाल तर आधी पोटभर बघून घ्या, मग कॅमेरा. एक्स्पोजर थोडं वर ठेवा नाहीतर मागच्या आकाशामुळे पक्षी काळा येईल, शटर पाचशेच्या खाली नको. फ्लॅश नको.

हे करू नका

पक्ष्याला जवळ बोलवायला स्पीकरवर त्याचा आवाज वाजवू नका. हे मी हात जोडून सांगते. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो खाणं सोडून, कधी घरटं सोडून भांडायला येतो, आणि चिडिया टापूच्या त्या एका रस्त्यावर सीझनमध्ये रोज कोणी ना कोणी स्पीकर घेऊन येतो. एकदा वाजवलं तर काय होतं असं म्हणणारे रोजचे दहा होतात. बेटावरच्या पक्ष्याला जायला दुसरं जंगल नसतं. तुमच्याकडे फळांचं झाड आहे, तुम्हाला स्पीकरची गरजच नाही.

झाडाला दगड मारणं, फांदी हलवणं, फळांच्या फांद्या तोडून जवळ आणणं, यातलं काहीही नाही. रॉसवर म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर हरणं आणि पक्षी माणसाळलेले आहेत, लोक हौसेने बिस्किटं, पाव चारतात, मुलांना नीट समजावून थांबवा. ती हरणं म्हणजे चितळ मुळात अंदमानची नाहीतच, माणसांनी आणून सोडली, आणि त्यांनी कोवळी रोपं खाऊन खालचं जंगल विरळ करून टाकलंय. आता विचार करा, वर बुलबुल, मैना, कबुतरं फळ खाऊन बिया पेरतायत आणि खाली उगवलेलं रोप चितळ खातंय. मोठं झालेलं फळझाड म्हणूनच तिथे फार मोलाचं आहे.

बाराटांग बेटावर जाताना जिरकाटांगपासून पुढे जारवा आदिवासी लोकांचा राखीव प्रदेश लागतो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच जातात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पक्षी दिसला तरी नाही. कायदा आहे तो आणि कायदा नसता तरी ते बरोबरच आहे, ते लोक आपल्या घरात राहतायत. आणि कोणी बोलकी मैना घेता का म्हणून विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जंगली पक्षी पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे.

झाडांच्या मुळांत, पडलेल्या पानांत बघितल्याशिवाय हात किंवा पाय टाकू नका, तिथले साप वेगळे आहेत आणि त्यात विषारी आहेत, हिरवट तपकिरी पिट वायपर तर फांदीवर गप्प पडून असतो.

सोबत आई-बाबा, मुलं असतील तर

हा प्रकार खरं तर त्यांच्यासाठीच योग्य आहे, कारण चालायचं फार नाही, बसायचं आहे. घडीचं छोटं स्टूल घ्या, थर्मासमध्ये चहा घ्या. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे टूरमध्ये सगळीकडे गाडीत बसून राहायच्या, त्यांना चिडिया टापूला रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की आई, त्या वाकड्या फांदीवर नजर ठेवा. त्यांनी दुर्बिणीशिवाय आमच्या सगळ्यांच्या आधी हाक मारली, "अगं तो बघ, पिवळं शेपूट." लहान मुलांना फळं शोधायचं काम द्या, खाली पडलेली ताजी टोचलेली कोण आधी दाखवतं बघू, मुलं या कामात मोठ्यांपेक्षा हुशार असतात. फळ तोंडात घालायचं नाही एवढं मात्र आधी बजावा.

पाऊस आला तर गाडीत बसून काढा, परत जाऊ नका. सर थांबून ऊन पडलं की पक्षी पिसं सुकवायला उघड्या फांद्यांवर येतात, एरवी पानांत लपणारा बुलबुल तेव्हा मोकळ्यावर बसलेला मिळू शकतो. एखादी सकाळ पूर्णच वाया गेली असं वाटलं तर परतताना सिप्पीघाटला थांबा, पाणथळ जागा आहे, तिथे अंदमान टील नावाचं बदक दिसण्याची चांगली शक्यता असते.

दिसला की ईबर्डवर लिस्ट टाका, पण नुसतं नाव आणि आकडा नको. कॉमेंटमध्ये लिहा की कुठल्या झाडावर होता, काय खात होता, फळ केवढं, कच्चं की पिकलेलं. झाड ओळखता येत नसेल तर फळाचा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखायच्या साइटवर टाका, ओळखणारे लोक आहेत तिथे. अंदमानात पक्षी बघणारे पुष्कळ येतात, पण कुठला पक्षी कुठल्या महिन्यात कुठलं फळ खातो हे लिहून ठेवणारे कमी, आणि ही नोंद करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. पुढच्या महिन्यात जाणाऱ्या माणसाला त्या एका ओळीवरून कळतं की कुठल्या वळणावरच्या झाडाखाली स्टूल मांडायचं.